जागा पोराला द्या, आणि पूर्ण द्या

दर वर्षी मे महिना उजाडला की अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या कुठल्या ना कुठल्या संघात हाच वाद पेटतो. वर्षानुवर्षं संघाची शान असलेला बॅटर .१९० वर रखडलेला असतो आणि खाली ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर, एक पोरगा चेंडू कुंपणापार धाडत असतो. खेळवायचं कुणाला? माझं मत ठाम आहे : पोराला. आणि खेळवायचं तर रोज. आठवड्यातून दोनदा, ‘बघू काय करतो ते’ अशा हिशेबानं नाही.

(क्रिकेटच्या सवयीनं वाचणाऱ्यांसाठी : बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे दर ॲट-बॅटमागे, म्हणजे बॅटिंगच्या एका खेपेमागे, किती हिट, म्हणजे चेंडू मारून किती वेळा बेस गाठला. .३०० म्हणजे उत्तम बॅटर, .२०० च्या खाली घसरलात की जागेवर गदा.)

२०१६ चा ऑगस्ट आठवा. १२ तारखेला ॲलेक्स रॉड्रिगेझ न्यूयॉर्क यँकीजकडून शेवटचा सामना खेळला. वय ४१, नावावर ६९६ होमरन (चेंडू थेट कुंपणापार), त्या मोसमातली सरासरी .२००. करार अजून एका वर्षाचा बाकी होता, तरी क्लबनं त्याला मोकळं केलं. दुसऱ्याच दिवशी टँपा बे रेजविरुद्ध टायलर ऑस्टिन मेजर लीगमधली पहिलीवहिली बॅटिंग करायला आला आणि त्यानं होमरन मारला. पाठोपाठ ॲरन जज आला. त्याचीही पहिलीच खेप. त्यानं चेंडू सेंटर फील्डच्या मागे नेऊन आदळला. एकाच संघातल्या दोघांनी एकाच सामन्यात पहिल्याच ॲट-बॅटला होमरन मारावा, हे मेजर लीगमध्ये त्याआधी कधीच घडलं नव्हतं. आणि त्या दिवशी यँकीजचा १९९६ चा विजेता संघ सत्कारासाठी त्याच स्टेडियममध्ये हजर होता! आजही तो व्हिडिओ लावला की माझ्या अंगावर काटा येतो.

लोक ही गोष्ट इथंच संपवतात. माझा मुद्दा खरा इथून पुढचा आहे. कारण जजचा पुढचा महिना भयंकर गेला. ८४ ॲट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), सरासरी .१७९. ज्या .२०० वर रॉड्रिगेझला निरोप दिला, त्याच्याही खाली! तेव्हा ‘हा मोठ्या मैदानाचा खेळाडू नाही’ म्हणणारे कमी नव्हते. जजनं तो .१७९ चा आकडा फोनमध्ये लिहून ठेवला, हिवाळाभर स्विंगवर काम केलं, आणि २०१७ मध्ये यँकीजनं राइट फील्डची जागा त्याच्याच हवाली केली. त्या मोसमात त्यानं ५२ होमरन मारले. पहिल्या पूर्ण मोसमातल्या खेळाडूचा तो तेव्हाचा विक्रम होता.

एकेचाळिशीतल्या माणसाचे .२०० आणि चोविशीतल्या पोराचे .१७९ एका तराजूत घालणं हाच मुळात अन्याय आहे. पोरगा अजून पिचर (चेंडू टाकणारा) वाचायला शिकत असतो. वय झालेल्याला पिचर पाठ असतो, येणारा चेंडू कुठला हेही कळतं, फक्त बॅट वेळेवर पोचत नाही. आणि ऑस्टिन? त्याचं मेजर लीगमध्ये फार जमलं नाही. २०१८ मध्ये यँकीजनं त्याला दुसऱ्या संघाला दिलं, पुढे तो जपानमध्ये जाऊन चमकला. म्हणून संधी वाया गेली का? दोघांतला जज कोण, हे खेळवल्याशिवाय कळणार तरी कसं होतं?

तरी क्लब कचरतात, आणि त्याला नियमही कारणीभूत आहेत. रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, जागा २६. तरुण खेळाडूला ‘ऑप्शन’ वापरून साधारण तीन मोसम खाली-वर करता येतं. पाच वर्षं सेवा झालेल्याला मात्र त्याच्या संमतीशिवाय खालच्या मायनर लीगमध्ये धाडता येत नाही. त्याला सोडलं की तो गेलाच. पोराला कधीही परत बोलावता येतं, म्हणून दर वेळी बळी पोराचाच जातो. त्यात सेवेचा हिशेब : १७२ दिवस म्हणजे एक वर्ष, आणि सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या क्लबात जायला मोकळा. मग पोराचं ते वर्ष भरू नये म्हणून त्याला काही आठवडे उशिरा वर आणायचं आणि ‘फील्डिंगवर अजून काम हवंय’ असं पत्रकारांना सांगायचं. याची मला मनापासून चीड आहे. बावीस वर्षांच्या पोराच्या तोंडावर खोटं बोलणं आहे हे.

‘एवढे पैसे मोजलेत, बाकावर कसं बसवणार?’ हा युक्तिवाद तर मला पटतच नाही. फर्स्ट बेसवर खेळणाऱ्या ख्रिस डेव्हिसशी बाल्टिमोर ओरिओल्सनं २०१६ मध्ये सात वर्षांचा, १६ कोटी १० लाख डॉलरचा करार केला. २०१८ च्या सप्टेंबरपासून २०१९ च्या एप्रिलपर्यंत त्याला ओळीनं ५४ ॲट-बॅटमध्ये एकही हिट मिळाला नाही. घरच्या मैदानावर त्याची हुर्यो उडत होती. तो खेळो की बसो, पैसे द्यायचेच होते. मधल्या काळात ट्रे मॅन्सिनीसारखा हक्काचा फर्स्ट बेसमन लेफ्ट फील्डमध्ये पळत होता. यात भलं कुणाचं झालं? डेव्हिसचं तर नक्कीच नाही.

याउलट एंजल्स, एप्रिल २०१२. संघ ६ विजय, १४ पराभव असा गाळात. त्यांनी ३८ वर्षांच्या बॉबी अब्रेयूला सोडलं आणि माइक ट्राउटला वर आणलं. आदल्या वर्षी ट्राउट .२२० वर होता, हे विसरू नका. त्या मोसमात त्यानं .३२६ ची सरासरी, ३० होमरन आणि ४९ चोरलेले बेस (चेंडू मारला गेला नसतानाच धावून गाठलेले) असा पराक्रम केला.

आता कुणी तरी अल्बर्ट पुहोल्सचं नाव काढणारच. २०२१ च्या मे महिन्यात एंजल्सनं .१९८ वर त्याला काढलं, आणि पुढच्याच वर्षी सेंट लुइस कार्डिनल्सकडून २४ होमरन मारून तो ७०३ वर थांबला. ७०० वा मारला तेव्हा मीही ओरडत होतो, तो माणूस मला फार प्रिय आहे. पण सेंट लुइसमध्ये फर्स्ट बेस पॉल गोल्डश्मिटकडे होता. पुहोल्स बहुतेक डीएच म्हणून, म्हणजे फील्डिंग न करता फक्त बॅटिंगला, यायचा, तोही मुख्यतः डावखुऱ्या पिचरसमोर. एंजल्समध्ये त्याला रोज फर्स्ट बेस हवा होता. तिथं जॅरेड वॉल्श उभा होता, आणि डीएचची जागा शोहेई ओहतानीची होती. वॉल्श त्याच वर्षी ऑल-स्टार झाला.