बिझनेसच्या जागा रिकाम्या होत्या, तरी का दिल्या नाहीत?

नमस्कार,

विमानात अपग्रेड, म्हणजे घेतलेल्या तिकिटापेक्षा वरच्या वर्गात जागा, कसं मिळवावं यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तेरा तासांच्या विमानप्रवासात बिझनेस क्लास अर्धा रिकामा होता. तुम्ही काउंटरवर नम्रपणे विचारलंत, पत्नीच्या गुडघेदुखीचंही सांगितलंत, तरी नकार मिळाला. म्हणून तुम्ही लिहिलंत की या विमान कंपन्यांना माणुसकी नाही, मी ‘बोली लावा’ (म्हणजे वरच्या वर्गासाठी किती जादा पैसे द्याल ते कंपनीला आधी कळवा) असं सांगून लोकांना खर्चात पाडते आणि बोलीचे तोटे लपवते. शेवटचा आरोप मला बराचसा मान्य आहे. त्याकडे येतेच.

आधी रिकाम्या जागांचं. वरच्या वर्गात जागा आहे एवढ्यावर अपग्रेड होत नाही. फुकटचं अपग्रेड बहुतेक वेळा होतं ते खाली माणसं जास्त झाली म्हणून. काही प्रवासी ऐनवेळी येणारच नाहीत हा हिशेब धरून अनेक कंपन्या इकॉनॉमीची तिकिटं जागांपेक्षा जास्त विकतात. सगळेच हजर झाले की काहींना वर सरकवावं लागतं. इकॉनॉमीत सगळ्यांची सोय झाली असेल तर बिझनेसच्या जागा तशाच रिकाम्या उडतात. तिथलं जेवण मोजून चढवलेलं असतं, आणि मागितल्यावर जागा मिळते असं एकदा कळलं तर ती विकत घेणार कोण? वर कोणाला न्यायचं हेही काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर फारसं नसतं. आधी त्या कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांच्या योजनेतले वरच्या दर्जाचे सभासद, मग महागड्या भाड्याचं तिकीट असलेले, असा क्रम सहसा लागतो. एकाच तिकिटावर दोघं असतील तर संधी आणखी कमी होते. नीटनेटके कपडे आणि गोड बोलणं या हिशेबात धरलेलंच नसतं.

हे मी एकदा अगदी जवळून पाहिलं. गेटवर माझ्या पुढच्या गृहस्थांचा बोर्डिंग पास यंत्राखाली धरला तर लाल दिवा लागला आणि यंत्र वेगळाच आवाज करून थांबलं. बिचारे घाबरले. कर्मचाऱ्याने छोट्या प्रिंटरमधून नवी चिठ्ठी काढून त्यांच्या हातात ठेवली. ४२ई च्या जागी ६ए, म्हणजे मागच्या इकॉनॉमीतून थेट पुढे बिझनेसमध्ये. त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. म्हणून मला राहून राहून वाटतं, तुम्ही दोघांनी काउंटरवर स्वतःला उगाच कमीपणा करून घेतलात. तो नकार तुमच्या पत्नीच्या दुखण्याला नव्हता.

उलट बाजूही सांगते, कारण ती फार कोणी सांगत नाही. कधीकधी प्रवाशाला खालच्या वर्गात बसवतात. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार अशा वेळी अंतराप्रमाणे त्या तिकिटाच्या किमतीचे ३०, ५० किंवा ७५ टक्के परत द्यावे लागतात. कंपनीने आपणहून वर बसवलं तर मात्र जास्तीचा पैसा मागता येत नाही.

आता बोली. तोटे मी लपवले नाहीत, पण लिहिलेही नाहीत, आणि चूक ती चूकच. माझ्यावरच हे बेतलं होतं. पाय पसरता येतील अशी आईलची, म्हणजे वाटेलगतची, सीट मी पैसे भरून घेतली होती. नंतर प्रीमियम इकॉनॉमीची (इकॉनॉमी आणि बिझनेसच्या मधला वर्ग) बोली लागली आणि मला मिळाली मधल्या रांगेतली मधली जागा. आधीच्या सीटचे पैसे परत आले नाहीत. रात्रभर उठायचं म्हणजे शेजारच्याला जागं करायचं, म्हणून मी सात तास उठलेच नाही. हे मूळ लेखात यायलाच हवं होतं. शिवाय बोली लागली तरी तिकीट सहसा मूळ भाड्याचंच राहतं. रद्द करण्याचे नियम, मिळणारे माइल्स (प्रवासावर कंपनी देते ते गुण), पुष्कळदा सामानाची मर्यादासुद्धा जुनीच. आणि फॉर्मवर दिसणारा आकडा माणशी, एका टप्प्याचा असतो. तुम्हा दोघांसाठी तो थेट दुप्पट.

पण खर्चात पाडते हे मला मान्य नाही. तिकीट काढतानाच दोन वर्गांच्या भाड्यातला फरक लिहून ठेवा. बोली त्याच्या निम्म्यावर जायला लागली की थांबा, कारण तेवढे पैसे घालण्यापेक्षा सुरुवातीलाच वरचं तिकीट घेणं बरं. त्यात सामान आणि माइल्सही नीट मिळतात. चेक-इन उघडल्यावर वेबसाइटवर परत एकदा किंमत बघा, कधीकधी ती उतरलेली असते. दिवसाच्या प्रवासाला मी स्वतः पैसे घालत नाही, रात्रीच्या लांब टप्प्याला घालते.

गुडघ्याबद्दल मात्र थोडं जास्त लिहिते, कारण तुमची खरी अडचण ती आहे. बिझनेसमधला सपाट पलंगच हवा असं नाही. इकॉनॉमीत दोन रांगांमधलं अंतर साधारण ३१-३२ इंच असतं, प्रीमियम इकॉनॉमीत ३८ च्या आसपास, आणि गुडघ्याला हे सहा इंच फार मोठे. भिंतीसमोरच्या पहिल्या रांगेत पाय पुढच्या सीटखाली सरकवता येत नाहीत. आपत्कालीन दारापाशी जागा भरपूर असते, पण चालायला त्रास असणाऱ्याला ती देत नाहीत. साधी आईल सीट घेतलीत तरी दुखरा गुडघा वाटेच्या बाजूला येईल अशी निवडा. उजवा दुखत असेल तर वाट उजव्या हाताला हवी.

आणि उठून चालणं कुठल्याही वर्गात चुकवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासात शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात तो कमीच असतो, सहा हजारांत एकाच्या आसपास, पण कारण आहे एका जागी बसून राहणं, मग ते बसमध्ये असो की बिझनेसमध्ये.

मूळ लेखात सीटच्या पैशांचा आणि मूळ भाड्याच्या नियमांचा भाग आज घातला आहे. तुमच्या पुढच्या तिकिटावर भाड्याच्या वर्गाचं इंग्रजी अक्षर असेल, ते इथे कळवा. त्यावर माइल्स वापरून अपग्रेड चालतं का ते मी त्या कंपनीच्या नियमांत बघून सांगते. सगळ्यांत स्वस्त भाड्यांवर ते बऱ्याचदा चालत नाही, म्हणून पैसे भरायच्या आधीच कळवलंत तर बरं.