दीडशे अक्षरांतलं कर्तृत्व

अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांचे अर्ज भरताना घरात खरं भांडण मार्कांवरून होत नाही. ते पडायचे तेवढे पडलेले असतात. ठिणगी पडते कॉमन ॲपच्या, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जाच्या, ॲक्टिव्हिटीजच्या (अभ्यासाबाहेरच्या उद्योगांच्या) पानावर. रकाने दहा. प्रत्येकात हुद्द्याला ५० अक्षरं, संस्थेच्या नावाला १००, आणि आपण नेमके काय दिवे लावले ते सांगायला १५०. मधल्या मोकळ्या जागाही त्यातच धरायच्या.

दहाच्या दहा भरलेच पाहिजेत असा नियम कुठेही नाही, पण हे पालकांना पटवणं मला आजवर कुणालाच जमलेलं दिसत नाही. त्यामुळे नववीत एका शनिवारी बागेतला कचरा उचलला, तो आठव्या रकान्यात 'पर्यावरण चळवळ' होऊन बसतो.

मग येतात तास. आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, हे प्रत्येक रकान्यात विचारतात. इथे भलेभले फसतात. दहा ॲक्टिव्हिटीज, प्रत्येकी ८ तास: झाले ८०. शाळा ३५, झोप ५६. बेरीज १७१. आठवडा असतो १६८ तासांचा, म्हणजे हा मुलगा जेवायला बसण्याआधीच पुढच्या आठवड्यात तीन तास शिरलेला! शाळेतल्या क्लबपुढे ५२ आठवडे लिहिणारेही आहेत. शाळा चालते साधारण ३६ आठवडे. उरलेले सोळा आठवडे हा क्लब कुलूपबंद इमारतीत एकटाच चालवतो की काय, असं वाचणाऱ्याला वाटणारच.

१५० अक्षरांत बसवताना पहिला बळी 'मी'चा. वाक्य थेट क्रियापदापासून सुरू करायचं. वर हुद्द्यात 'अध्यक्ष' लिहिलं असेल, तर खाली पुन्हा 'अध्यक्ष या नात्याने' कशाला? 'तळमळीने', 'निष्ठेने' वगैरे मंडळींनाही निरोप द्यावा. आकडे मात्र ठेवावेत: किती मुलांना शिकवलं, किती निधी जमवला. संस्थेची लघुरूपं वापरून जागा वाचवणारे हुशार असतात खरे, पण ती फक्त त्यांनाच कळतात.

अकरावी संपता संपता संस्थापकांची साथ येते. जो तो स्वतःची समाजसेवी संस्था काढतो; सदस्य तीन, त्यात एक धाकटी बहीण. त्याच बहिणीला रोज शाळेतून आणणं, तिचा अभ्यास घेणं हे मात्र कुणी लिहीत नाही. वास्तविक अर्जाच्या यादीत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हा स्वतंत्र प्रकार आहे, पगारी नोकरीचाही आहे. दुकानात आठवड्याला १५ तास गल्ल्यावर बसलेली मुलगी तो रकाना लाजून गाळते आणि दोनदा गेलेल्या बुद्धिबळ क्लबला जागा देते, तेव्हा माझा जीव तुटतो.

क्रमही महत्त्वाचा. जे मनापासून आणि जास्त वर्षं केलं, ते वर. पालकांना मात्र खेळ वर हवा असतो. २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रवेश घोटाळ्यात तर काहींनी पोरांना रोइंग मशीनवर बसवून फोटो काढले आणि नौकानयनपटू म्हणून खपवलं. आपण निदान क्रमावरच भांडतो!

आणि कुठलं कॉलेज या सगळ्याला किती किंमत देतं, हे बहुतेक कॉलेजांच्या कॉमन डेटा सेटमध्ये (कॉलेजं स्वतःबद्दल ठरावीक नमुन्यात जाहीर करतात ती माहिती) सी७ या तक्त्यात लिहिलेलं असतं. तो आधी बघावा. मग कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज उघडावा. तिथे नोंदी वीस आणि वर्णनाला ३५० अक्षरं, म्हणजे कापून काढलेली 'तळमळ' परत आणा म्हणायला वडील मोकळे.