कायदा मागे घेण्यात कसली नामुष्की?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कृषी कायद्यांचा विषय अजून निघतो. निघाला की कुणीतरी म्हणतंच, "कायदे रद्द केले, सरकारने नाक घासलं." लगेच दुसरी बाजू विजयाच्या आरोळ्या ठोकते. मला दोघांचाही राग येतो. कायदा करणं हे जसं संसदेचं काम, तसंच तो मागे घेणं हेही.

रिपील, म्हणजे कायदा रद्द करणं, हे इंग्रजी क्रियापद जुन्या फ्रेंचमधून आलं. मूळ अर्थ परत बोलावणं, आणि परत बोलावणार तोच, ज्याने धाडलं. म्हणून जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यांना दिली ती नुसती स्थगिती होती. २९ नोव्हेंबरला संसदेने केलं ते रिपील. दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, जवळजवळ चर्चेविना. चिडायचंच तर याच्यावर चिडा!

मी राहते त्या ब्रिटनमध्ये पोल टॅक्सवरून, म्हणजे माणशी सारख्याच लागणाऱ्या स्थानिक करावरून, मार्च १९९० मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात दंगल झाली, नोव्हेंबरात पंतप्रधान थॅचरबाईंना जावं लागलं, आणि १९९३ पासून त्या जागी कौन्सिल टॅक्स आला. त्याने संसदेची अब्रू गेली, असं म्हणणारा मला इथे अजून भेटलेला नाही.

"जुने कायदे पुसून टाकले" हेही तसंच उथळ बोलणं. इथल्या कायद्यांच्या सरकारी संकेतस्थळावर रद्द झालेलं कलम उघडलं, तर क्रमांक तसाच असतो, पुढे नुसती टिंबं, आणि तळटीपेत ते कोणत्या कायद्याने, कधी काढलं याची नोंद. आपल्याकडेही १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं सहावं कलम हेच सांगतं: कायदा गेला तरी त्याखाली मिळालेले हक्क आणि ओढवलेली शिक्षा जात नाही. भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ ला गेली, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना अजून तीच लागते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "तुला काय त्याचं? तू तिकडची."

खोटं नाही. माझा भारतीय पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आला. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे, पण त्यावर मत देता येत नाही. इथे मत आहे, तरी वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, एखाद्या विधेयकावरून मी कुणाशी तावातावाने भांडलेली नाही. भांडते ती दिल्लीतल्या कायद्यांवरून, घरच्याच माणसांशी. तो हक्क मी कुठल्याही अर्जावर सही करून सोडलेला नाही.