‘जागरूक करदाता’ यांच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलं)

कमेंटच्या डब्यात मावत नव्हतं म्हणून वेगळं लिहून राहिलो. नगरसेवकांच्या मानधनाचा दर काही वर्षांनी आढावा घेतला पाहिजे असं मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं, त्यावर ‘जागरूक करदाता’ या नावाने कमेंट आली. माझा आकडा चुकला, मानधन वाढवल्याने खाणारे खायचे थांबत नाहीत, कराची वसुली नाही तर पैसा आणायचा कुठून, आणि शेवटी हे: "ज्याची चूल पेटत नाही त्याने निवडणुकीला उभंच कशाला राहावं? खेड्यात बसून शहाणपण शिकवू नका." पुढे हसणारे तीन चेहरे.

आकड्याचं मान्य. नागपूरच्या नगरसेवकाचं मानधन मी 25 हजार लिहिलं, ते मुंबईचं आहे. 2017 ला ठरलं तेव्हा नागपूर-पुण्याला 20 हजार ठरले. दुरुस्त केलं. पण भाऊ, हे सांगायला हसायचं काऊन? मास्तर पोराला बाकावर उभं करतो तसं बोलले तुम्ही. माझी पन्नाशी उलटली आहे, साधं सांगितलं असतं तरी ऐकलं असतं.

आता चुलीचं. माझे बाबा इथल्याच तालुक्याच्या गावी नगरपालिकेत एक टर्म मेंबर होते. बस स्टँडमागे सायकल दुरुस्तीचं दुकान. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे कुठून निघतात ते पाहत असले की कोणीतरी यायचंच, "मेंबर, तीन दिस झाले नळाले पाणी नाही." बाबा पायजम्याला हात पुसून त्याच्यासोबत निघायचे आणि गिऱ्हाईक उलटी केलेली सायकल उचलून समोरच्या दुकानात. मयत असो, लग्नातला आहेर असो, रात्री कोणाला दवाखान्यात भरती करायचं असो, ऑटोचं भाडंसुद्धा बाबांच्याच खिशातून. मीटिंगचा भत्ता मिळायचा, तो टपरीवरच्या उधारीत जिरायचा, कारण मेंबरसोबत आलेल्या माणसाने चहाचे पैसे दिलेले मी तरी पाहिले नाहीत. त्या पाच वर्षांत आईची पोत गहाण पडली ती सुटलीच नाही. पुढच्या निवडणुकीला लोक घरी आले तेव्हा आईने त्यांना ओसरीवरही बसू दिलं नाही.

मग त्या वॉर्डातून कोण आलं? ज्याच्या मेव्हण्याकडे रस्त्याचे ठेके होते तो. त्याची चूल मस्त पेटत होती बाप्पा, दोन गॅस होते घरी. तुमच्या नियमाने लायक माणूस तोच.

हे सगळं माझ्या डोळ्यासमोर झालं आहे, आणि तुम्ही मला सांगून राहिले की शहाणपण शिकवू नका.

अन् ‘खेड्यात बसून’ म्हणजे काय? आमच्या गावची वस्ती दोन हजाराच्या आत. अशा गावच्या सरपंचाला महिन्याचे 3 हजार होते, सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने ते 6 हजार करायचं ठरवलं. दिवसाचे दोनशे. एवढ्यात आमच्याकडे कापूस वेचायलाही कोणी सहजासहजी येत नाही. आमदारांचं बरं आहे, त्यांचं वेतन-पेन्शन विधिमंडळच कायदा करून ठरवतं, 2016 ला वाढवून घेतलं. नगरसेवकाला मुंबईहून जीआर निघायची वाट पाहत बसावं लागतं. म्हणून मी आढावा म्हटलं, सरसकट वाढ म्हटलं नाही, पोस्ट पुन्हा वाचा (पहिल्यांदा वाचली असेल तर). किती वेळ जातो, खिशातून किती जातं ते मोजा, मीटिंगला दांडी मारली तर कापा, आणि हे ठरवणारा माणूस ना नगरसेवक असावा ना आमदार.

खाणाऱ्यांचं काय, तर ते खातातच, त्यात नवीन काय सांगितलं. कर वसुलीवर इथे लिहीत बसत नाही, तो वेगळा विषय आहे. पण करदाता नाव लावून धमकावू नका. बाबांचं तिथलं घर अजून आमच्याच नावावर आहे, यंदाचा घरटॅक्स मी दिवाळीआधीच भरला. पावती टाकू काय खाली? मग तुमचीही टाका.