‘अंगात भिनलेलं विसरत नाही’ म्हणे!

मार्चमध्ये सलग दोन दिवस ऊन पडलं की जर्मनीत श्टुटगार्टच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या फोनवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही फिरला. मला तो चार जणांकडून आला, त्यातल्या दोघांकडे तर मोटरसायकलच नाही. मेसेज असा:

“मित्रांनो, सीझन सुरू! गाडी चालवणं पोहण्यासारखं असतं, एकदा अंगात भिनलं की विसरत नाही. ज्यांनी डिसेंबरच्या सुट्टीत पुण्यात स्कूटर चालवली त्यांचा तर सराव सुटलेलाच नाही. हिवाळ्यात दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं असेल तर बॅटरीची आणि इंजिनची काळजी नको. थंडीत टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, पकड चांगली मिळते. पहिले काही दिवस पुढचा ब्रेक टाळा. रस्ता कोरडा आणि ऊन असेल तर बिनधास्त निघा!”

शेवटी तीन अंगठे आणि एक झेंडा.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल शंका नाही. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एकतर अर्धवट आहे किंवा सरळ उलटं आहे. दरवर्षी मी मनात चरफडतो आणि गप्प बसतो. यंदा लिहितोय.

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. जर्मनीत १९९७ पासून हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या कडेला एकाखाली एक दोन आकडे असतात. माझ्या गाडीवर वर ०४ आणि खाली १० आहे, म्हणजे १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर. त्याबाहेरच्या महिन्यांत ती गाडी रस्त्यावर चालवणं सोडाच, सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा पडतो, म्हणून बरेच जण हीच प्लेट घेतात. परिणाम असा की गाडीला आणि गाडीवाल्याला वर्षातून पाच महिने सक्तीची रजा.

आता पोहण्याची उपमा. तोल सांभाळणं विसरत नाही, हे खरंच आहे. पाच महिन्यांनी बसलात तरी पहिला गिअर टाकून गाडी सरळ जाते, आणि तिथेच फसगत होते. गाडी सरळ गेली की वाटतं, सगळंच शाबूत आहे. गंजतं ते वेगळं असतं: वळणाचा वेग आधीच ओळखणं, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवणं, ब्रेक किती जोरात दाबला तर चाक अडकत नाही याचा बोटांना असलेला अंदाज, तास-दीड तासानंतर मानेला आणि मनगटाला येणारा थकवा ओळखणं. विहिरीत पोहताना समोरून ताशी १०० किलोमीटरने कोणी येत नाही. इथे गावाबाहेरच्या साध्या दुपदरी रस्त्यावर तीच वेगमर्यादा आहे, आणि त्या वेगाला एका सेकंदात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या पहिल्याच शनिवारी मी थेट ब्लॅक फॉरेस्टमधल्या बी-५०० या रस्त्यावर गेलो. बाडेन-बाडेनहून फ्रॉइडेनश्टाटकडे जाणारा हा घाटरस्ता मोटरसायकलवाल्यांचा लाडका. वाटेत मुमेलझे नावाचं तळं आहे, हजार मीटरहून जास्त उंचीवर, आणि तिथल्या वाहनतळावर रविवारी गाड्यांची जत्रा असते. उतारावर उजवीकडच्या एका वळणात मला कडेला खडी दिसली आणि माझी नजर तिच्यावरच खिळली. जिथे नजर, तिथे गाडी, हे शिकवताना प्रत्येक जण सांगतो, मी स्वतः नवख्यांना सांगतो. खडी टाळायला मी गाडी उभी केली, ती बाहेर फेकली गेली आणि मी समोरच्या लेनमध्ये. समोरून येणाऱ्या कॅम्पर व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवत गाडी कडेला घेतली म्हणून हे लिहू शकतोय. ऑक्टोबरमध्ये याच वळणावर मी उजवी मूठ हलकेच पुढे ढकलून गाडी आणखी झुकवली असती आणि नजर पुढे ठेवली असती. पोहणं मी विसरलो नव्हतो. फक्त ते आठवायला अर्धा सेकंद जास्त लागला.

पुण्याच्या स्कूटरचा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो सगळ्यात पटण्यासारखा आहे. डिसेंबर-जानेवारीत आपण तीन आठवडे घरी जातो, भावाची अॅक्टिव्हा घेतो, लक्ष्मी रोडपासून हिंजवडीपर्यंत सगळीकडे फिरतो. गर्दीत चालवायचा सराव होतो, नाही असं नाही. पण डावा हात काय शिकून येतो ते बघा. स्कूटरवर डावा लीव्हर ब्रेकचा. मोटरसायकलवर डावा लीव्हर क्लचचा आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. अचानक कोणी आडवं आलं की माणूस विचार करत नाही, हात आपोआप आवळतो. तीन आठवड्यांच्या सवयीने डावा हात आवळला तर काय होतं? क्लच दाबला जातो, चाक इंजिनपासून सुटतं आणि गाडी थांबण्याऐवजी मोकळी पळते. भारतात २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना एकत्रित ब्रेकची सक्ती झाली. एका लीव्हरने दोन्ही चाकं थोडीथोडी धरली जातात. सोय चांगली आहे, पण दोन ब्रेक वेगवेगळे, मोजून दाबायची सवय त्याने आणखी सुटते.

त्यात तिकडे डाव्या बाजूने चालवायचं, इकडे उजव्या. मोठ्या रस्त्यावर सगळ्यांच्या मागोमाग जाताना चूक होत नाही. चूक होते ती सकाळी सात वाजता, रिकाम्या गावात, पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना. आणि वेग? पुण्यात ४० ला पोचलो तर आपण देवाचे आभार मानतो. एकूण हिशेब केला तर सुट्टीतली स्कूटर हा सराव नव्हेच, उलट घरी आल्यावर आधी पुसून टाकायची पाटी आहे.

दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याच्या सल्ल्यावर थोडक्यात. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. लांब पल्ल्यावर सायलेन्सर तापून ते उडून जातं. थंड गॅरेजमध्ये दहा मिनिटांत ते सायलेन्सरच्या पोटात साचतं, थोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं, आणि मग गंज. बॅटरीचंही तेच. स्टार्टर मारताना जेवढा करंट खर्च होतो तो संथ चालणाऱ्या इंजिनवर दहा मिनिटांत भरून येईलच याची खात्री नाही. साध्या लेड-अॅसिड बॅटरीचं मोजमाप सोपं आहे: रात्रभर शांत ठेवलेली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण. हिवाळ्यात मंद चार्जर लावून ठेवावा किंवा बॅटरी काढून घरात आणावी. आणि गॅरेजचं दार बंद ठेवून इंजिन चालू ठेवणाऱ्याला बॅटरीपेक्षा मोठी काळजी करायला हवी. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास.

टायरमध्ये हवा कमी ठेवा, ही तर खास गोंधळाची गोष्ट. थंडीत पकड कमी मिळते कारण रबर थंड असतं, कडक असतं. हवा कमी करून ते गरम होत नाही, फक्त टायर वळणात लडबडतो आणि गाडी जड लागते. शिवाय हवा कमी करायचे कष्ट निसर्गाने आधीच घेतलेले असतात. ऑक्टोबरमध्ये २० अंशांना तुम्ही २.५ बार दाबाची हवा भरलीत, तर ५ अंशांना तोच टायर २.३ च्या आसपास दाखवतो. पाच महिन्यांत जी थोडी झिरपली ती वेगळीच. म्हणजे मेसेज वाचून तुम्ही कमी असलेली हवा आणखी कमी करणार! कंपनीने पुस्तिकेत दिलेला आकडा थंड टायरसाठीच असतो. गाडी निघण्याआधी तेवढी भरायची आणि पहिले काही किलोमीटर वळणांत नवी नवरी घरात वावरते तसं वावरायचं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तेही एकदा वाकून बघा. खोल नक्षी शाबूत असलेला पण दहा वर्षांचा टायर मी अनेकांच्या गाडीला पाहिलाय.

आता पुढचा ब्रेक. हा समज आपण जर्मनीत शिकलो नाही, सामानात बांधून आणलाय. “पुढचा मारू नको, तोंडावर पडशील,” हे वाक्य सायकल शिकताना माझ्या काकांनी मला सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. पण ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणून जोरात थांबताना दोन तृतीयांशाहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो. फक्त मागचा दाबलात तर चाक अडकून गाडी फरफटते आणि थांबायचं अंतर वाढतं. अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिसमध्ये सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. १९८१ च्या त्यांच्या अहवालात हेच चित्र आहे: घाबरलेला स्वार मागचं चाक अडकवतो आणि पुढचा ब्रेक पुरेसा दाबत नाही. त्याच अहवालानुसार अपघात झालेल्यांपैकी ९२ टक्के स्वार स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. काकांचा सल्ला तिकडेही चालत होता म्हणायचा.

मेसेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य. गाडी झुकलेली असताना, खडीवर, पुढचा ब्रेक झटक्यात दाबला तर गाडी खाली जाते, चाक अडकू न देणारं एबीएस असलं तरी. झटका आणि ब्रेक यात फरक आहे. लीव्हर आधी हलकेच दाबून भार पुढे येऊ द्यायचा, मग जोर वाढवायचा. हे वाचून येत नाही. इथे मोटरसायकलच्या लायसन्सच्या परीक्षेत ताशी ५० किलोमीटरवरून तातडीचा ब्रेक मारून दाखवावा लागतो आणि त्याच वेगात ब्रेक न लावता अडथळा चुकवून दाखवावा लागतो. आपल्यापैकी ज्यांनी भारतीय लायसन्स बदलून घेतलं त्यांनीही हे केलंय, कारण आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्या दिवशी जमलं होतं. त्यानंतर किती जणांनी पुन्हा एकदा तरी करून पाहिलं? पहिले काही दिवस पुढचा ब्रेक टाळायचा नसतो, पहिले काही दिवस त्याचाच अभ्यास करायचा असतो. शिवाय पाच महिन्यांत डिस्कवर गंजाचा थर येतो. तोही असा सरळ रस्त्यावर, हळूहळू दाबूनच घासला जातो.

राहिला कोरडा रस्ता आणि ऊन. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ आणि काही ठिकाणी बारीक खडी टाकतात. बर्फ वितळतो, खडी राहते, आणि गाड्यांच्या चाकांनी ढकलली जाऊन नेमकी वळणाच्या कडेला आणि चौकाच्या मध्यावर साचते. उन्हातल्या रस्त्याला १५ अंश असतील, तर पुढच्याच वळणावर झाडांच्या सावलीत रस्ता ओला आणि गारठलेला असू शकतो. पुलांवर तर वरूनही वारा, खालूनही. श्टुटगार्टमध्ये चेरी फुललेली असताना वर घाटात बर्फाच्या कडा असतात, हे ज्यांनी पाहिलंय ते मान डोलावतील. शिवाय हिवाळ्यात गोठून फुटलेल्या डांबराचे खड्डे. त्या बाबतीत पुणेकराला घरी आल्यासारखं वाटेल.

आणि मेसेजमध्ये ज्यांचा उल्लेखच नाही ते कारवाले! पाच महिने त्यांच्या आरशात एकही मोटरसायकल नव्हती. डावीकडे वळताना ते बघतात, पण शोधत असतात कार. हर्ट यांच्याच तपासणीत, दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश वेळा समोरच्याने मोटरसायकलवाल्याचा आधी जाण्याचा हक्क डावलला होता. आपली चूक नव्हती, हे समाधान प्लॅस्टरमध्ये अडकलेल्या पायाला किती पुरतं?

जर्मन लोक निघण्याआधीच्या तपासणीसाठी ‘व्होल्के’ (Wolke) हा शब्द वापरतात. अर्थ ढग, पण एकेक रोमन अक्षर म्हणजे एकेका जर्मन शब्दाची सुरुवात: पाणी, ऑइल, हवा, इंधन, वीज. लक्षात ठेवायला छान आहे, फक्त त्यात ब्रेक नाही आणि चेनही नाही. आणि चालवणारा तर नाहीच.

परवाच्या शनिवारी सकाळी नऊला मी आमच्या गावाबाहेरच्या शाळेमागच्या मैदानावर असणार आहे. तिथली परवानगी घेतलेली आहे, सोबत चार प्लॅस्टिकचे कोन आणि थर्मासमध्ये चहा. आधी चालण्याच्या वेगात आठचा आकडा, मग ३० वरून ब्रेक, मग ५० वरून, पुढचा आणि मागचा दोन्ही. तासाभरात हात दुखायला लागतात, तेव्हा थांबायचं. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यांनाही बोलावलंय. पैकी एकाने विचारलं, “पण गाडी माझी नाहीये, येऊ का?” म्हटलं ये, कोन उचलायला कोणीतरी हवंच.