'भारत 80 देशांत 67वा' हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं की पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजारात दुखणं नि त्रास कमी करणारी सेवा) ब्रिटन नंबर वन, भारत 80 देशांत 67वा, शेवटी पैसेवाल्या देशातच माणूस सुखाने मरतो, आणि कुठला देश किती पुढे हे बघायचं तर हॉस्पिस (अशा पेशंटना सांभाळणारी केंद्रं) मोजा नि मॉर्फिन या जोरदार वेदनाशामकाचा खप बघा, झालं. आकडे खोटे नाहीत, अर्थ मात्र मनाने लावलेला आहे.

पहिलं म्हणजे ते रँकिंग. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संशोधन संस्थेचं, 2015चं. मेसेजमधून साल बरोबर गायब केलंय! त्यात 20 निकष होते, सरकारचं धोरण आहे का, ट्रेनिंग घेतलेला स्टाफ आहे का, खर्च कोण उचलतं, असे. म्हणजे व्यवस्था उभी आहे का हे कळतं. पण काल रात्री दुखणं कमी झालं का, झोप लागली का, हे पेशंटला कोणी विचारलेलं नाही.

पैशाचं म्हणाल तर त्याच यादीत मंगोलिया 28वा, युगांडा 35वा आणि चीन 71वा आहे, यादी वरच्या दोन-चार ओळींपलीकडे वाचली असती तर हा मुद्दा लिहिलाच नसता. युगांडाने 2004 मध्ये नियम बदलून खास ट्रेनिंग घेतलेल्या नर्सना मॉर्फिन लिहून द्यायची परवानगी दिली, पावडर आणून तिथेच पातळ औषध बनवतात आणि पेशंटला फुकट मिळतं. उलट नंबर वन ब्रिटनमधली बरीचशी हॉस्पिस आजही देणग्यांवर चालतात.

हॉस्पिस मोजायचं तर घरी जाणारी टीम कुठे धरणार? युरोपात दर लाख लोकांमागे 2 सेवा असा मापदंड आहे, आणि त्यात घरी जाणाऱ्या टीम आणि हॉस्पिटलमधल्या टीमही येतात. वर देशाची सरासरी काढली की आतला फरक पुसला जातो. केरळने 2008 मध्येच स्वतःचं धोरण आणलं, गावोगावी स्वयंसेवक उभे केले, ते त्या '67'मध्ये कुठे दिसतं सांगा.

मॉर्फिनचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2017च्या कमिशनच्या हिशोबाने जगात वर्षाला साधारण 299 टन ओपिऑइड (मॉर्फिनच्या गटातली औषधं) वाटलं जातं आणि सगळ्यात गरीब देशांच्या वाट्याला त्यातलं 0.1 टन. म्हणजे खप फारच कमी असेल तर लोक कळवळताहेत हे नक्की. पण जास्त खप म्हणजे चांगली सेवा? मग अमेरिकेतलं ओपिऑइडच्या व्यसनाचं संकट काय होतं? शिवाय मेथाडोन हे ओपिऑइड व्यसनमुक्तीसाठीही देतात, तेही त्याच बेरजेत घुसतं. म्हणून डब्ल्यूएचओने 2021 मध्ये जे 18 निर्देशक दिले त्यात खप मेथाडोन वगळून धरलाय, आणि तोंडाने घ्यायचं मॉर्फिन प्राथमिक आरोग्य पातळीवर मिळतं का हे वेगळं विचारलंय. हा प्रश्न मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण सगळा साठा राजधानीच्या एका हॉस्पिटलच्या कुलूपबंद कपाटात असला आणि खालच्या केंद्रात एक गोळी नसली तरी वर्षाचा खप तोच दिसणार.

आणि 'सुखाने मरतो' हेच मुळात अर्धवट आहे. डब्ल्यूएचओच्या अंदाजाने वर्षाला 5.68 कोटी लोकांना ही सेवा लागते, त्यातले शेवटच्या वर्षात असलेले 2.57 कोटी. बाकीचे 3 कोटींहून जास्त लोक आजारासोबत जगताहेत, त्यात लहान मुलंही आली, आणि मरणाची यादी लावून त्यांचं काय मोजणार?