जिनिव्हातलं कृष्णविवर आणि नेरूळचं आकाश

‘झोपेत आहात का? युरोपातल्या सर्नच्या महायंत्रात कृष्णविवर तयार होतंय. शास्त्रज्ञांनीच कबुली दिली आहे. एका टक्करीत कोट्यवधी अणुबाँबची ऊर्जा. दारात नटराज उगाच नाही बसवला. २००८ चा स्फोट दडपला. पुढे पाठवा.’

नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, टाकी धुण्याच्या सूचनेच्या खालोखाल हा मेसेज आला. पाठवणारे काका सज्जन आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या तीन मुलांच्या फोनवर तेच निघालं. सर्न म्हणजे जिनिव्हाजवळची कणांवर संशोधन करणारी युरोपीय संस्था, आणि ‘महायंत्र’ म्हणजे तिचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर: जमिनीखालच्या बोगद्यात प्रोटॉनचे दोन झोत चुंबकांनी वळवत एकमेकांवर आदळवणारं यंत्र. तेव्हा एकेक मुद्दा घेते.

आधी ‘कबुली’. या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो इतकी वर्षं टिकलाय. फ्रिजवरचं चुंबक टाचणी उचलतं तेव्हा अख्खी पृथ्वी ती टाचणी खाली ओढत असते आणि हरते, इतकं गुरुत्वाकर्षण दुबळं; आणि कृष्णविवर बनतं ते त्याच्याच जोरावर. दोन कणांच्या टक्करीत ते जाणवायला प्लँक ऊर्जा लागते, म्हणजे या कोलायडरच्या टक्करीच्या सुमारे नऊ कोटी कोटी पट. एवढ्यावर विषय संपला असता. पण १९९८ मध्ये अर्कानी-हामेद, डिमोपोलस आणि द्वाली या तिघा शास्त्रज्ञांनी एक कल्पना मांडली: अवकाशाला लांबी, रुंदी, उंचीपलीकडे आणखी मिती असतील आणि गुरुत्वाकर्षण त्यांत पसरून आपल्यापर्यंत पातळ होऊन येत असेल तर? मग अगदी जवळच्या अंतरावर ते जोरकस असेल, आणि या यंत्रात कणाहून लहान कृष्णविवरं बनूही शकतील. ही कबुली नव्हती, आशा होती. तसं एक जरी दिसलं असतं तरी जादा मितींचा पुरावा हाती लागला असता. याच यंत्रावरच्या सीएमएस या प्रयोगाने २०१० च्या नोंदींतच शोध घेतला. तेव्हा काही मिळालं नाही, नंतरही नाही.

आणि मेसेजवाले या सिद्धांताचं निम्मंच घेतात. हॉकिंग यांनी १९७४ मध्ये मांडलं की कृष्णविवर किरणं टाकत झिजतं, आणि जितकं लहान तितकं झपाट्याने. इतकं चिमुकलं असेल तर सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भागही ते टिकणार नाही.

‘पण हे झिजणं कुणी पाहिलंय का?’ असं ग्रुपवरच्या एका मुलीने विचारलं. नाही पाहिलेलं. म्हणून हॉकिंग बाजूला ठेवू आणि गच्चीवर जाऊ.

तळहात उघडा धरा. त्यातून मिनिटाला शंभरेक म्युऑन (इलेक्ट्रॉनचेच जड भाऊबंद) आरपार जातात. वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, वातावरणावर आदळून कणांची जी सर कोसळते, तिचे हे शिंतोडे. या सरीचं गणित १९३७ मध्ये मांडणाऱ्यांत होमी भाभा होते, ज्यांच्या नावाचं अणुकेंद्र खाडीपलीकडे ट्रॉम्बेला आहे. यातले काही कण इतके जोरात येतात की त्यांची हवेतल्या अणूशी होणारी टक्कर जिनिव्हातल्या टक्करीच्या तोडीची किंवा वरचढ असते. चौरस किलोमीटरवर असे रोज चाळीसेक. नवी मुंबईचं क्षेत्र नुसतं शंभर चौरस किलोमीटर धरलं तरी दिवसाला चार हजार. पाम बीच रोडला अजून भोक पडलेलं नाही (खड्ड्यांचं सोडा). १९९१ मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये नोंदलेल्या एका कणाची टक्कर तर कोलायडरच्या पन्नास पट होती.

यावरही एक चांगला आक्षेप निघतो: आकाशातल्या टक्करीत काही बनलंच तर ते भन्नाट वेगात पृथ्वीतून आरपार निघून जाईल, यंत्रातलं मात्र इथेच रेंगाळेल. बरोबर. म्हणून २००८ मध्ये गिडिंग्ज आणि मँगानो या शास्त्रज्ञांनी पृथ्वीऐवजी श्वेत बटू आणि न्यूट्रॉन तारे, म्हणजे विझलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे, घेतले. ते इतके घट्ट असतात की असलं कृष्णविवर त्यांत अडकायलाच हवं. त्यांच्यावरही हा मारा अब्जावधी वर्षं चालू आहे आणि ते जुने तारे जागेवर आहेत. मला या सगळ्यात हाच युक्तिवाद सर्वांत आवडतो, कारण त्यात कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही.

अणुबाँबचं काय? प्रोटॉनच्या एका टक्करीत जास्तीत जास्त १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा असते. उडणाऱ्या एका डासाची ऊर्जा त्याच मापात साधारण १. म्हणजे डझनभर डास. खाडीकाठी राहणाऱ्यांना हिशोब सांगायला नको. फरक इतकाच की ही ऊर्जा प्रोटॉनएवढ्या जागेत कोंबलेली असते. दोन्ही झोतांतले सगळे प्रोटॉन एकत्र मोजले तरी हिरोशिमाच्या एका बाँबच्या ऐंशी हजाराव्या भागाच्या आसपास.

नटराजाबद्दल फार बोलायला नको. सर्नच्या आवारातली ती मूर्ती भारत सरकारची भेट आहे, २००४ मध्ये बसवली. म्हणजे ज्याला आपण कट म्हणतोय ती आपणच दिलेली वस्तू. त्या बोगद्यातली चुंबकं नेमक्या जागी तोलणारे हजारो जॅकही भारतातूनच गेले आणि २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

राहिला ‘दडपलेला स्फोट’. १९ सप्टेंबर २००८ ला, यंत्र सुरू होऊन नऊच दिवस झाले असताना, अपघात खरंच झाला. दोन चुंबकांमधला विजेचा एक सांधा सदोष होता. तो तापला, ठिणगी उडाली, चुंबकं थंड ठेवणारा कित्येक टन हेलियम बोगद्यात सुटला आणि अवजड चुंबकं जागची हलली. तेव्हा यंत्रात एकही टक्कर झालेली नव्हती. सर्नने कारणासकट अहवाल जाहीर केला. सांधे तपासून यंत्र पुन्हा चालू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला.